ताशी ऐंशी, ताशी शंभर : एक संवाद

उत्साही : तुळजापुराहून बुटीबोरीकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, आणि उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब या गावांची माणसे ज्या वाटेने कालपरवापर्यंत धक्के खात नागपूर गाठीत असत त्याच वाटेने आता मोटार ताशी शंभराच्या वेगाने निर्वेधपणे निघून जाते, यात खेद मानण्यासारखे काय आहे हे मला अद्याप उमगलेले नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून मोटारींसाठी चौपदरी रस्त्यावर शंभर आणि द्रुतगती मार्गावर एकशेवीस अशी कमाल मर्यादा ठरविली. म्हणजे ज्या वेगाची आपण निंदा करता त्यावर सरकारचा शिक्का उमटलेला आहे. या यवतमाळ जिल्ह्याने मंदगतीची पुरेशी किंमत आधीच मोजली आहे. मूर्तिजापूरपर्यंतच्या ११३ किलोमीटरांच्या अरुंद रुळांवरून रखडत जाणाऱ्या शकुंतला या आगगाडीला, मँचेस्टरला १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत पुरले. आणि त्या सत्तर वर्षांत जग कोठल्या कोठे गेले असताना आपण त्या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे कौतुक करीत फलाटावर बसून राहिलो. आता कोठे रस्ता मिळाला, तर आपण म्हणता, सावकाश चालवा.

साशंक : निंदा मी केलेली नाही, मी हिशेब मागत आहे, आणि हिशेब मागणाऱ्यास आपल्याकडे नेहमीच निंदक समजले जाते. यवतमाळ ते नागपूर हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटरांचे धरू. ताशी साठाच्या वेगाने ते अडीच तासांत तुटते. वेग ऐंशी केला तर सदतीस-अडतीस मिनिटे वाचतात. ऐंशीचे शंभर केले तर बावीस-तेवीस. आणि शंभराचे एकशेवीस केले तर अवघी पंधरा. दर पायरीला वेगात भर तेवढीच पडते, पण पदरात येणारी मिनिटे घटत जातात. आता खर्चाची बाजू पाहा. मोकळ्या सपाट रस्त्यावर मोटारीस मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते : एक चाकांचे घर्षण, जे वेगाबरोबर फारसे वाढत नाही, आणि दुसरी समोरची हवा, जिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरावरून एकशेवीसवर जाताना वेग एक-पंचमांशाने वाढला, परंतु हवेचा विरोध चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढला. साठाचे एकशेवीस केले तर तो चौपट झाला. एखादी मध्यम मोटार ऐंशीच्या स्थिर वेगास लिटरमागे वीस किलोमीटरांचे ॲव्हरेज देते असे धरले, तर शंभरास ती साडेसोळाच्या आणि एकशेवीसला तेराच्या आसपास येईल. म्हणजे बावीस मिनिटांसाठी दीड लिटराहून थोडे अधिक पेट्रोल लागले, आणि पुढल्या पंधरा मिनिटांसाठी जवळजवळ अडीच लिटर. पेट्रोल शंभरी ओलांडून बसले आहे. तेव्हा ती शेवटची पंधरा मिनिटे अडीचशे रुपयांस पडली, आणि अडीचशे रुपये म्हणजे याच रस्त्याच्या कडेने निंदणीला जाणाऱ्या बाईची जवळपास दिवसभराची मजुरी.

उत्साही : हिशेब सुबक आहे, पण तो कागदावरच्या रस्त्याचा आहे. खरा जुना रस्ता आपणही पाहिलेला आहे. वणीकडून कोळसा भरून आलेला टिप्पर चढावर कण्हत चालला आहे, त्याच्यामागे एस.टी., तिच्यामागे दोन मोटारी आणि एक दुधाची गाडी. समोरून कडब्याने लादलेला ट्रॅक्टर येत असल्यामुळे कुणालाही पुढे निघता येत नाही. निघण्याची संधी येताच सर्वजण एकदम गिअर पाडून इंजिन किंचाळवीत धावतात, आणि अर्ध्या किलोमीटरावर पुन्हा ब्रेक दाबतात. दर वेळी ब्रेक दाबला की तोवर इंधन जाळून मिळविलेली गती चाकांच्या उष्णतेत निघून जाते आणि ती पुन्हा पहिल्यापासून विकत घ्यावी लागते. त्या रस्त्यावर सरासरी वेग पंचेचाळीसचा असे आणि तरीही ॲव्हरेज आजच्याहून वाईट असे. आपला वर्गाचा नियम खरा असेल, परंतु तो स्थिर वेगासच लागू पडतो, आणि वेग स्थिर ठेवण्याची सोय तर या चौपदरी रस्त्यानेच केली. शिवाय फार सावकाश जाणेही काटकसरीचे नसते. इंजिनाचे स्वतःचे फिरणे, पंखे, वातानुकूलन यांचा खर्च गाडी चालो वा न चालो घड्याळाप्रमाणे होत राहतो, आणि हलक्या भारावर पेट्रोलचे इंजिन मोठे उधळे असते. १९७८ साली इंधनबचतीसाठी स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी संस्था आम्हांस ताशी पंचेचाळीस ते पंचावन्नचा उपदेश करीत आली. तो उपदेश ॲम्बॅसडर आणि फियाट यांच्या चार गिअरांच्या काळात रुजला. आजच्या पाच-सहा गिअरांच्या मोटारीस साठ ते ऐंशीच्या टप्प्यातच खरी स्वस्थता लाभते.

साशंक : साठ ते ऐंशी! आपण स्वतःच्या तोंडाने शंभरावरून खाली उतरलात हे मी नोंदवून ठेवतो. बाकी आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि एस.टी.च्या आगारात ते कुणी शिकवावे लागत नाही. तेथे दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली, ज्यास ते ‘केपीटीएल’ म्हणतात, त्यावर चालकाची परीक्षा होते, आणि ज्या चालकाचा आकडा चांगला असतो त्याच्या गाडीत बसले की थांबा येण्याच्या कितीतरी अगोदर त्याचा पाय उचलला गेल्याचे आपल्या पाठीस कळते. गुळगुळीत रस्त्याने इंधन वाचविले यात वादच नाही. पण ते वाचलेले इंधन गेले कोठे? ते आपण वेगाच्या रूपाने खर्चून टाकले. कोळसा काटकसरीने जाळणारी इंजिने निघाली की कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, असे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवले आहे. प्रवास स्वस्त झाला की माणूस वाचलेले पैसे गाठीस बांधीत नाही; तो अधिक वेळा जातो, अधिक वेगाने जातो, आणि पुढल्या खेपेस अधिक मोठी गाडी घेतो. या तिसऱ्या गोष्टीविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण तिच्याविषयी लोकांत एक गैरसमज दृढ झालेला आहे.

मोठी गाडी जड असते म्हणून ती अधिक पिते, असे सारे जण म्हणतात. शहरात, जेथे घडोघडी थांबून पुन्हा निघावे लागते, तेथे ते खरे. घाट चढतानाही खरे. पण सपाट मोकळ्या रस्त्यावर वजनाहून अधिक महत्त्व तिच्या समोरच्या अंगाला, म्हणजे हवेस ती किती रुंद आणि किती उंच छाती दाखविते यास असते. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेला कापसाचा ट्रक आपण पाहिलाच असेल : फळ्यांच्या वर पुरुषभर चढलेला, दोन्ही अंगांनी फुगलेला, दोरखंडांनी करकचून आवळूनही आवरला न जाणारा, ताडपत्रीचे एखादे टोक सुटून फटफटत असलेला, आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर पांढरी पुंजकी उडवीत चाललेला. तितक्याच लांबीच्या ट्रकात कोळसा भरला तर वजन कितीतरी अधिक होते, पण माल फळ्यांच्या आतच राहतो. वेग थोडा वाढला की कापूसवाल्याचे डिझेल वाऱ्याशी भांडण्यात संपते आणि कोळसेवाल्याचे टायर रगडण्यात व चढ चढण्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की हवा तापून विरळ होते आणि तिचा विरोध हिवाळ्याच्या मानाने थोडा कमी होतो, एवढीच काय ती वैदर्भीय उन्हाळ्याची मोटारवाल्यांवर मेहेरबानी. आणि ती देखील काचा लावून आत गारवा करणारे यंत्र वसूल करून घेते! आता या कापसाच्या ट्रकाची आठवण ठेवून, उंच नाकाडाच्या त्या एसयूव्ही गाड्यांकडे पाहा, ज्यांत बहुतेक वेळा एक कंत्राटदार आणि त्याचा मोबाइल एवढेच उतारू असतात.

उत्साही : कंत्राटदारावर आपला राग दिसतो; त्यास मी आवरणार नाही. परंतु आपण ज्या मापाने मोजता ते मापच मला अपुरे वाटते. लिटरला किती किलोमीटर हे गाडीचे माप झाले. प्रवासाचे माप लिटरला किती माणसे किती किलोमीटर गेली हे असले पाहिजे. एस.टी.ची साधी गाडी लिटरला जेमतेम पाच किलोमीटर जाते, आणि केवळ ॲव्हरेज पाहणाऱ्यास ती राक्षसीण वाटेल. पण चाळीस उतारू धरले तर लिटरमागे दोनशे माणूस-किलोमीटर झाले. आपली ती गुणी मध्यम मोटार एकट्या मालकास घेऊन निघाली तर वीस. एसयूव्हीत सात माणसांचे कुटुंब लग्नास निघाले आणि ती बाराचेच ॲव्हरेज देत असली तरी चौऱ्याऐंशी. तेव्हा वाहन मोठे की लहान हा प्रश्न गौण आहे. ते भरलेले की रिकामे हा मुख्य. मोठ्या वाहनास सरसकट दोष देणे म्हणजे एस.टी.लाही दोष देणे होय, आणि तो दोष आपण देणार नाही याची मला खात्री आहे.

साशंक : देणार नाही, शकुंतलेलाही देणार नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना जो रोध होतो तो डांबरावरील रबरी चाकाच्या मानाने काही अंशच असतो, म्हणून आपण जिचा उपहास केलात ती गाडी, काळाच्या दृष्टीने कितीही दरिद्री असली तरी, ओढण्याच्या कष्टांत मोठी मितव्ययी होती. वऱ्हाडातील कापूस मूर्तिजापुरास आणि तेथून मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने ती चालविली. गोऱ्या व्यापाऱ्यास कापूस हवा होता, आणि कापसास घाई नव्हती. पण आपल्या नव्या मापाकडे वळू. ते मी स्वीकारतो, आणि स्वीकारताच मला भीती वाटू लागते. कारण त्या मापाने या जिल्ह्यातील सर्वांत आदर्श वाहन कोणते ठरते? एस.टी. नव्हे. मारेगाव, झरी, घाटंजीच्या आडरस्त्यांवर चालणारी काळीपिवळी! नऊ जणांच्या जागेत पंधरा बसलेले, दोघे मागच्या पायरीवर लोंबकळत असलेले, टपावर दोन पोती आणि एक करडू, आणि चालक स्वतः अर्धा दाराबाहेर. आणि एस.टी.च्या पाठोपाठ, एका दुचाकीवर तिघे, ट्रिपल सीट, लिटरला साठ किलोमीटरांच्या हिशेबाने एकशेऐंशी. इंधनाच्या वहीत ही दोन्ही वाहने पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात. आपण त्यांस प्रशस्तिपत्र द्याल?

उत्साही : अर्थातच नाही. पण त्यावरून निघते एवढेच की इंधनाची वही ही एकच वही पुरेशी नाही. हेच तर मी मघापासून म्हणत आहे, फक्त मी दुसरी वही काळाची मानतो आणि आपण मात्र तिच्याकडे मिनिटांची टिंगल करून पाहता. पंधरा मिनिटे हास्यास्पद वाटतात ती ज्यास पंधरा मिनिटांचे काही काम नाही त्याला. यवतमाळच्या रुग्णालयातून अत्यवस्थ माणसास सावंगी-मेघेला किंवा नागपुरास हलविताना १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत जे बसले आहेत त्यांस विचारा. आणि रुग्णाचे उदाहरण टोकाचे वाटत असेल तर साधे घ्या. आर्णीचा मुलगा नागपुरात परीक्षा देऊन त्याच दिवशी घरी येऊ शकतो. पुसदचा दुकानदार माल आणून संध्याकाळी दुकान उघडू शकतो. बदली झालेली शिक्षिका मुक्काम न हलविता नोकरी टिकवू शकते. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली विदर्भाचा अनुशेष मोजला तेव्हा रस्त्यांचाही अनुशेष मोजला होता. पण रस्ता न मिळाल्यामुळे गमावलेल्या तासांचा अनुशेष कुणीच मोजला नाही. मुंबई-पुण्याच्या माणसास मंदगतीची चैन परवडते, कारण त्याच्या दाराशी सारे आहे. जो दूर आहे त्याला वेग हेच जवळ येण्याचे साधन आहे. त्यावर आपण हवेच्या विरोधाची कात्री चालवू पाहता.

साशंक : रुग्णवाहिकेस मी कधीच अडविणार नाही, कायदाही अडवीत नाही. परंतु रुग्णवाहिकेच्या पुण्याईवर साऱ्या मोटारींनी वेगाची मुभा मागावी, हे तगाईच्या अर्जावर गरिबाचे नाव घालून सावकाराने रक्कम उचलावी तसे झाले. बाकी आपली उदाहरणे खरी आहेत, आणि दूरच्या माणसाच्या तासांविषयी आपण जे म्हणालात त्याने मी थोडा हललोही आहे. पण ती उदाहरणे पुन्हा तपासा. आर्णीच्या मुलाचे आणि शिक्षिकेचे काम साधले ते चाळीसचे ऐंशी झाले म्हणून; ऐंशीचे शंभर झाले म्हणून नव्हे. आणि ज्याच्या जमिनीतून, ज्याच्या शिवारावरून हा रस्ता गेला त्या शेतकऱ्याच्या तासांचे काय झाले? तो भाड्याच्या गाडीत कापूस भरून जिनिंगच्या फाटकाशी येतो तेव्हा पुढे गाड्यांची रांग असते, आणि खरेदीकेंद्रावर गर्दी असली की रात्र त्याच गाडीखाली काढावी लागते. रस्त्यावर वाचलेली वीस मिनिटे त्याला रांगेत परत द्यावी लागतात. वेगाने वाचविलेला काळ कुणाच्या हातात उरतो, हा प्रश्न आपल्या काळाच्या वहीत नाही.

उत्साही : त्याचा दोष रांगेचा आहे; रस्त्याचा नाही. रांग मोडा.

साशंक : मोडेल तेव्हा मोडेल. तूर्त दुसरे पाहा. ज्या वर्गाच्या नियमाने हवेचा विरोध वाढतो त्याच वर्गाच्या नियमाने ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते, कारण गाडीच्या अंगात साठलेली शक्तीही वेगाच्या वर्गाप्रमाणेच असते. शंभराच्या जागी एकशेवीस म्हणजे डिझेलचा हवेशी चव्वेचाळीस टक्के अधिक झगडा, आणि आदळल्यास चव्वेचाळीस टक्के अधिक आघात. निसर्गाने दोन्ही नोंदी एकाच गणिताने केल्या आहेत. पण त्या दोन वेगळ्या माणसांच्या खात्यावर पडतात. पेट्रोलची नोंद वेगाने जाणाऱ्याच्या खिशात होते. आघाताची नोंद पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगावर होते : दुभाजकाच्या फटीतून बैल हाकीत पलीकडच्या वावरात जाणाऱ्याच्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या मजुरांच्या, पांढरकवड्याच्या बाजूस रात्री रस्ता ओलांडणाऱ्या रोह्यांच्या. आणि वाहन जितके मोठे आणि जड तितकी आतील माणसे सुरक्षित, बाहेरची असुरक्षित. मोठी गाडी घेणारा आपल्या कुटुंबाची काळजी घेतो हे मी नाकारीत नाही, पण त्या काळजीची किंमत त्याच्या समोरून दुचाकीवर येणारा भरतो. म्हणून मला आपला तो युक्तिवाद, जो आपण अद्याप मांडलेला नाही पण मांडणार आहात, मान्य होत नाही.

उत्साही : कोणता?

साशंक : की ज्याने शंभरी ओलांडलेले पेट्रोल स्वतःच्या पैशाने विकत घेतले त्यास ते कसे जाळावे हे सांगणारे आपण कोण.

उत्साही : मांडणार होतो, आणि अजूनही मांडतो, थोडा बदलून. किंमत हीच उत्तम पोलीस आहे. तिची उत्तम साक्ष आपल्या मालट्रकवाल्यांत सापडते. पुष्कळ मालक खेपेमागे ठराविक डिझेल देतात; त्यातून जे वाचेल ते चालकाचे. म्हणून ४४ क्रमांकाच्या महामार्गावर वडकी-करंजीपासून पाटणबोरीपर्यंत पाहावे तर ट्रक साठ-पासष्टच्या पुढे सहसा जातच नाहीत. त्यांना गती-नियंत्रक ऐंशीचा बसविला आहे. पण त्यांचा खरा नियंत्रक टाकीत आहे. कुठल्याही उपदेशाविना, कुठल्याही फर्मानाविना हा वर्ग काटकसर पाळतो, कारण बचत त्याच्या हाती येते. याउलट फर्मानाचे उदाहरण अमेरिकेचे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, जेव्हा आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, त्याच सुमारास अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची, राष्ट्रव्यापी मर्यादा घातली. लोकांनी ती सर्रास मोडली, इंधनाची बचत अपेक्षेहून फारच थोडी झाली, आणि १९९५ साली ती रद्द करावी लागली. जो कायदा सारेच मोडतात तो इतर कायद्यांचाही मान घालवितो.

साशंक : उदाहरण आपण अर्धे सांगितलेत. अमेरिकेत १९७३ साली रस्त्यांवर चोपन्न हजार माणसे मेली होती. १९७४ साली पंचेचाळीस हजार. लोक प्रवासच कमी करू लागले होते हाही त्यातील एक भाग, हे मला ठाऊक आहे. तरी सारे श्रेय त्याचे नव्हते. तेल वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याने तेल थोडे वाचविले आणि माणसे पुष्कळ. म्हणून मी म्हणतो, इंधनबचतीच्या नावाने वेग कमी करावयास सांगणे हा काहीसा आडमार्ग आहे. पण रक्ताचा हिशेब ऐकण्यास कुणी तयार नसताना पेट्रोलचा हिशेब तरी ऐकला जातो.

आणि आपल्या ट्रकवाल्यांविषयी. आपण दिलेले उदाहरण फार मोलाचे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपणांस अडचणीचा ठरेल. ज्याला दर लिटर खरोखरीच जाणवतो तो, आपण होऊन, साठ-पासष्टने जातो. जो एकशेदहाने जातो त्याला लिटर जाणवत नाही. म्हणजे किंमत ही पोलीस गरिबाच्याच दारात उभी असते. त्याशिवाय एकाच रस्त्यावर एक पासष्टने आणि दुसरा शंभराने जातो तेव्हा त्या पस्तिसांच्या फरकातच मागून आदळण्याचे अपघात दबा धरून असतात. किमतीने वेग कमी केला, पण साऱ्यांचा नव्हे. त्यामुळे रस्ता अधिक धोक्याचा झाला. इथेनॉलचे नाव आपण काढाल म्हणून सांगून ठेवतो : पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल आहे, पोफाळीच्या परिसरातील ऊसवाल्यांस त्यातून चार पैसे मिळोत अशी माझीही इच्छा आहे, पण इथेनॉलमधील उष्णता पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांश कमी आणि हवेचा विरोध होता तेवढाच.

उत्साही : विजेच्या मोटारीचेही तेच सांगाल.

साशंक : तेच. शहरात ती ब्रेकमधूनही वीज परत मिळविते आणि मोकळ्या रस्त्यावर एकशेवीसने धावली की तिची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आणि ती वीज वणी-चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली असेल तर धूर फक्त आपल्या नजरेआड गेला.

उत्साही : ठीक. आता मी आपणांस एक प्रसंग घालतो. रात्रीचे दोन वाजले आहेत. रस्ता चौपदरी, मध्ये दुभाजक, पुढे-मागे कुणी नाही. मोटार नवी, टायर उत्तम, चालक ताजातवाना. पेट्रोल त्याचे, वेळ त्याचा. तेथे शंभरास आपली हरकत कोणत्या मुद्द्यावर?

साशंक : पुढे कुणी नाही हे त्यास कसे कळले? मोटारीचा खाली पाडलेला दिवा साधारण पन्नास-साठ मीटरांपर्यंत नीट दाखवितो. शंभराच्या वेगात काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर गाडी चाळीसहून अधिक मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबेपर्यंत आणखी पन्नास-पंचावन्न. दिव्याच्या टप्प्याबाहेर तो आंधळेपणानेच धावत असतो. ऐंशीस हेच अंतर सत्तरच्या आत येते. तेही पुरते सुरक्षित नव्हे, पण दिव्याच्या जवळपास तरी असते.

उत्साही : मग उपाय दिव्याचा आहे, कुंपणाचा आहे. गावाजवळ रस्त्याखालून वाट काढा, ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना चकाकणाऱ्या पट्ट्या लावा, दुभाजकाच्या बेकायदा फटी बुजवा. समृद्धी महामार्गावर हे केले. तेथे दुचाकी आणि तीनचाकी येऊच देत नाहीत, आणि म्हणून तेथे एकशेवीस शोभते. आमच्याही रस्त्यास तसे करा. पैसा पथकरातून वसूल करा, मी भरीन.

साशंक : आपण भराल हे मी मानतो, आणि तसे झाले तर माझा अर्धा आक्षेप संपेल. उरलेला अर्धा असा की कुंपण घातले की ज्याचे वावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे त्याला पलीकडे जाण्यास दोन किलोमीटरांचा फेरा पडेल, बैलांसह, रोज, दोनदा. आपली वाचलेली मिनिटे त्याच्या तासांतून कापली जातील, आणि दांडेकर समितीसारखी कुठलीही समिती ती मोजणार नाही. पण ते पुढचे. कुंपण होईपर्यंत आपण ऐंशीने जाल का?

उत्साही : प्रामाणिकपणे सांगतो : गेलो असतो. पण डाव्या हाताच्या मार्गिकेत पासष्टचा ट्रक, उजव्या हाताच्या मार्गिकेत मागून दिव्यांची उघडझाप करीत आलेली पुण्याची ट्रॅव्हल्स, आणि मधे मी ऐंशीने, न इकडचा न तिकडचा. साऱ्यांनी ऐंशी पाळली तर मी आनंदाने पाळीन. एकट्याने पाळली तर ती सावधगिरी नसून अडथळा आहे, आणि आपणच आत्ता म्हणालात की वेगांतील फरक हाच धोका.

साशंक : हा आक्षेप मला खोडता येत नाही. सरकारने सर्वांसाठी ऐंशी ठरविली आणि ती खरोखर अमलात आणली तर गोष्ट वेगळी. पण ते आपल्या दोघांच्या हातचे नाही. तोवर मला एवढेच सुचते की डावी मार्गिका धरावी आणि ट्रकाच्या मागे, चांगले अंतर ठेवून, राहावे.

उत्साही : म्हणजे साठ-पासष्टने. नागपुरास अडीच तास.

साशंक : होय. अडीच तास.